लिंक लिहायची कशी, चुकते कुठे आणि टिकते कशी

स्वतःचं साधं वेबपान लिहायला बसलं की क्रम ठरलेला असतो. आधी मथळा, मग दोन-चार परिच्छेद, मग एखादा फोटो. इथपर्यंत जे होतं ते कागदावरही जमलं असतं. कागदावर न जमणारी गोष्ट एकच: एखाद्या शब्दावर बोट टेकवलं की वाचणारा थेट दुसऱ्या पानावर पोचतो, मग ते पान तुमचंच असो की जगाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या अनोळखी माणसाचं. सगळं वेब या एका सोयीवर उभं आहे. म्हणून पानाच्या रंगांत आणि फॉन्टमध्ये वेळ घालवण्याआधी लिंक नीट शिकून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. लिंक लिहायला एक ओळ पुरते. ती चांगली लिहायला मात्र थोडी समज लागते, आणि लेखाचा बराचसा भाग त्या समजेसाठीच आहे.

उदाहरण म्हणून असं धरू, की तुम्हाला आकाश बघण्याचा नाद आहे. दुर्बिणीतून जे दिसतं ते तुम्ही लिहून ठेवता आणि त्या नोंदींचं छोटंसं संकेतस्थळ करायचं ठरवलं आहे. एक मुखपृष्ठ, चंद्रावर एक पान, शुक्रावर एक पान, एवढंच.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात टॅग (म्हणजे ब्राउझरसाठी कोनी कंसात लिहिलेले शब्द), सूचना आणि फाइलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. तुम्ही टाइप कराल तेव्हा ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.

<ए एचरेफ="चंद्र.एचटीएमएल">चंद्रावरच्या विवरांच्या नोंदी</ए>

अख्खी लिंक ती एवढीच. कोनी कंसात ‘ए’ हे एकच अक्षर, म्हणजे टॅगची सुरुवात. त्याच कंसात, एक जागा सोडून, ‘एचरेफ’ ही सूचना; ती एच, आर, ई, एफ अशा चार अक्षरांची आहे. मग बरोबरचं चिन्ह आणि अवतरणचिन्हांत पत्ता. कंस बंद केल्यावर जे शब्द येतात तेच वाचणाऱ्याला दिसतात. शेवटी तिरकी रेघ घातलेला बंद करणारा टॅग. तो विसरलात तर लिंक कुठे संपते हे ब्राउझरला कळत नाही आणि पुढचा मजकूर निळा, अधोरेखित होऊन बसतो. पानाचा मोठा भाग अचानक लिंक झालेला दिसला की आधी हाच टॅग शोधावा.

म्हणजे लिंकचे भाग दोन. एक ब्राउझरसाठी, तो पत्ता. दुसरा माणसासाठी, ते शब्द. पत्त्यात एका टिंबाचीही चूक चालत नाही. शब्दांत चूक झाली तर लिंक चालते, पण वाचणारा तिच्यावर जातच नाही.

क्लिक झाल्यावर नेमकं काय घडतं?

ब्राउझर आधी पत्ता पुरा करून घेतो. तो कसा, ते पुढे येईलच. मग त्या नावाचा सर्व्हर, म्हणजे पानं साठवून ठेवणारं यंत्र, कुठे आहे हे शोधतो आणि त्याच्याकडे अमुक पान द्या अशी मागणी पाठवतो. सर्व्हर उत्तरासोबत एक आकडा देतो. २०० म्हणजे पान सापडलं, हे घ्या. ३०१ म्हणजे पान कायमचं दुसरीकडे गेलं, हा नवा पत्ता. ४०४ म्हणजे या पत्त्यावर असं काही नाही. यातला ४०४ सगळ्यांच्या ओळखीचा आहे, कारण मोडकी लिंक दाबली की तोच समोर येतो.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या पानाकडे तुम्ही लिंक दिली, त्या पानाला हे कोणी कळवत नाही. परवानगी लागत नाही, नोंद होत नाही. हा रस्ता एकेरी आहे. तो तसा का, हे शेवटाकडे सांगतो, कारण लिंक मोडण्याचं मूळ तिथेच आहे.

पत्ता लिहिण्याच्या पद्धती

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पत्ता दोन तऱ्हेने सांगता येतो. दूरच्या गावाहून येणाऱ्या पाहुण्याला आपण पूर्ण टपाली पत्ता देतो. दारात उभ्या असलेल्याला ‘पलीकडचं घर’ एवढं सांगितलं तरी पुरतं. वेबवर पहिल्याला पूर्ण पत्ता म्हणू आणि दुसऱ्याला सापेक्ष पत्ता.

पूर्ण पत्ता ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांनी सुरू होतो. मग विसर्गासारखी दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा, संकेतस्थळाचं नाव आणि त्यापुढे पानाची वाट. दुसऱ्याच्या संकेतस्थळाकडे लिंक देताना नेहमी असाच पत्ता हवा. तो हाताने टाइप करू नये. ते पान उघडावं, वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करावा आणि चिकटवावा.

इथली सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ गाळणं. समजा, तुम्ही अवतरणचिन्हांत नुसतं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम’ लिहिलं. (हे नाव मुद्दाम घेतलं. ते १९९९ पासून उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे.) वरच्या पट्टीत तुम्ही असं अर्धवट नाव टाइप करता तेव्हा ब्राउझर समजून घेतो, म्हणून इथेही समजून घेईल असं वाटतं. पण लिंकमध्ये तो समजून घेत नाही. त्याच्या दृष्टीने हा सापेक्ष पत्ता आहे. म्हणून तो तुमच्याच फोल्डरमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम’ नावाची फाइल शोधायला जातो, ती सापडत नाही आणि ४०४ येतो. ही चूक ओळखायला सोपी आहे: क्लिकनंतर पट्टीत आधी तुमच्या संकेतस्थळाचं नाव आणि त्याला जोडून दुसऱ्याचं नाव दिसतं.

तुमच्या स्वतःच्या पानांना एकमेकांशी जोडताना मात्र सापेक्ष पत्ता उत्तम. चंद्राचं पान आणि शुक्राचं पान एकाच फोल्डरमध्ये असतील तर एकातून दुसऱ्याकडे जायला नुसतं फाइलचं नाव पुरतं:

<ए एचरेफ="शुक्र.एचटीएमएल">शुक्राच्या कला</ए>

ही पानं ‘नोंदी’ नावाच्या फोल्डरमध्ये असतील आणि मुखपृष्ठ त्या फोल्डरच्या बाहेर असेल, तर मुखपृष्ठावरून जाताना आधी फोल्डरचं नाव, मग तिरकी रेघ, मग फाइलचं नाव लिहायचं. उलट, चंद्राच्या पानावरून मुखपृष्ठाकडे यायचं तर एक पायरी वर चढावं लागतं. त्यासाठी दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ:

<ए एचरेफ="../इंडेक्स.एचटीएमएल">मुखपृष्ठ</ए>

दोन पायऱ्या वर जायचं असेल तर हीच दोन टिंबं आणि रेघ दोनदा. सापेक्ष पत्त्याचा मोठा फायदा असा, की उद्या तुम्ही सगळं संकेतस्थळ उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवलंत, नाव बदललंत, तरी आतल्या लिंका जशाच्या तशा चालतात. तुमच्या संगणकावर, इंटरनेट नसतानाही त्या तपासता येतात.

पत्त्याची सुरुवात तिरक्या रेघेने केली, तर त्याचा अर्थ ‘संकेतस्थळाच्या मुळापासून’ असा होतो. मोठ्या संकेतस्थळांना हे सोयीचं पडतं. तुमच्या छोट्या पानांना त्याची गरज नाही, आणि त्यात एक खोच आहे. संगणकावर फाइल नुसती उघडून बघत असाल तर ‘मूळ’ म्हणजे थेट डिस्कचं मूळ असा अर्थ लागतो आणि लिंक चालत नाही. काही मोफत सेवा तुमचं संकेतस्थळ एखाद्या उपफोल्डरमध्ये ठेवतात, तिथेही असंच होतं. सुरुवातीला या वाटेला जाऊ नका.

‘माझ्याकडे चालत होती, सर्व्हरवर चढवल्यावर बंद पडली’

लिंकेबद्दलची ही नेहमीची तक्रार. तिची कारणं मोजकीच आहेत आणि एकदा कळली की कायमची लक्षात राहतात.

पहिलं कारण म्हणजे लहान-मोठी अक्षरं. विंडोज आणि बहुतेक मॅक संगणकांना फाइलच्या नावातल्या रोमन अक्षरांचा लहान-मोठेपणा चालून जातो. नाव मोठ्या अक्षराने सुरू होत असेल आणि लिंकमध्ये तुम्ही ते लहान लिहिलं असेल, तरी घरच्या संगणकावर ती फाइल उघडते. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. उपाय सोपा आहे: सगळी नावं लहान अक्षरांतच ठेवायची. फोटोंच्या फाइलींची शेपटंही बघावीत. कित्येक कॅमेरे ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत लिहितात.

दुसरं कारण नावातली मोकळी जागा. पत्त्यात मोकळी जागा चालत नाही. ब्राउझर तिच्याऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि २० घालतो. लिंक चालतेही, पण असा पत्ता कुणाला पाठवला की मधेच तुटण्याचा संभव असतो. दोन शब्दांमध्ये जोडरेघ वापरावी.

तिसरं कारण शोधायला जरा अवघड, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे पत्रं आणि निबंध लिहितो तिथे, कोड टाइप केला किंवा तिथून आणून चिकटवला, तर सरळ अवतरणचिन्हांची जागा वळणदार चिन्हांनी घेतलेली असते. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखीच. ब्राउझरला वळणदार चिन्ह हे अवतरणचिन्ह वाटतच नाही, तो ते पत्त्याचाच भाग धरतो. लिंक दिसते, दाबलीही जाते, पण पोचते भलतीकडे. कोड नेहमी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहावा.

आणि चौथं, पत्ता ‘फाइल’ या शब्दाने आणि तुमच्या डिस्कच्या अक्षराने सुरू होत असेल, तर ती लिंक फक्त तुमच्या संगणकावर चालणार. जगातल्या दुसऱ्या कुणाच्याही यंत्रावर ती फाइल त्या जागी नाही. एडिटरमध्ये फाइल ओढून आणून टाकली की कधी कधी असा पत्ता आपोआप येतो, म्हणून पान चढवण्याआधी कोडमध्ये ‘फाइल’ हा शब्द शोधून बघावा.

मराठी माणसाला इथे एक प्रश्न हमखास पडतो: फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर? चालतं. पण त्याचं पुढे काय होतं ते पाहा. पत्ता पाठवताना देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मोडलं जातं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. ‘चंद्र’ या शब्दात च, अनुस्वार, द, हलंत आणि र अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे एवढ्याशा नावाची ४५ अक्षरं होतात. ब्राउझरच्या पट्टीत ते छान मराठीत दिसतं, पण कॉपी करून कुणाला पाठवलं की बहुतेक वेळा टक्क्यांची लांबलचक माळ समोर येते. फाइलींची नावं छोट्या रोमन अक्षरांत आणि लिंकचे शब्द शुद्ध मराठीत, ही विभागणी मला सगळ्यात सोयीची वाटते. शब्द नीट दिसावेत म्हणून पानाच्या वरच्या भागात यूटीएफ-८ ची, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत हे ब्राउझरला सांगणारी, सूचना मात्र असायलाच हवी.

पानातल्या पानात

चंद्राच्या नोंदी वाढत गेल्या की पान लांबतं. मग वर छोटी अनुक्रमणिका द्यावी आणि प्रत्येक ओळ त्या त्या मथळ्याशी जोडावी. त्यासाठी मथळ्याला ‘आयडी’ नावाची खूण द्यायची आणि लिंकमध्ये हॅशचं चिन्ह लावून तीच खूण लिहायची:

<एच२ आयडी="कोपर्निकस">कोपर्निकस विवर</एच२>

<ए एचरेफ="#कोपर्निकस">कोपर्निकस विवराच्या नोंदी</ए>

एका पानात एक खूण एकदाच वापरायची आणि तिच्यात मोकळी जागा ठेवायची नाही. ही खूण खरोखर देवनागरीत ठेवली तरी हरकत नाही, आताच्या एचटीएमएलला ती चालते. हॅशनंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. पान आलं की ब्राउझर स्वतःच ती खूण शोधून तिथपर्यंत सरकतो. म्हणून खूण चुकली तर ४०४ येत नाही. पान उघडतं, पण वरच थांबतं. दुसऱ्या पानाच्या पत्त्यालाही अशी खूण जोडता येते, आणि लांब लेखातल्या नेमक्या भागाकडे वाचणाऱ्याला न्यायचं असेल तर ती जरूर जोडावी.

लिंकचे शब्द

आता ज्या भागाविषयी मला सगळ्यात जास्त कळकळ आहे तो.

‘चंद्राच्या नोंदींसाठी इथे क्लिक करा’ हे वाक्य आपण हजार ठिकाणी वाचलेलं असतं, म्हणून लिहितानाही तेच हातून उतरतं. यात लिंक कुठल्या शब्दांवर असते? ‘इथे क्लिक करा’वर. म्हणजे पानात उठून दिसणारे शब्द नेमके ते, ज्यांना स्वतःचा काहीच अर्थ नाही. माणसं पडद्यावरचं पान ओळ न् ओळ वाचत नाहीत, नजर फिरवतात, आणि नजर थांबते ती रंगीत, अधोरेखित शब्दांवर. तिथे ‘इथे’ सापडलं तर अर्थासाठी मागे जाऊन वाक्य वाचावं लागतं.

ज्यांना दिसत नाही त्यांचा विचार केला की हे आणखी स्पष्ट होतं. अंध वाचक स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. एनव्हीडीए हे त्यातलं मोफत मिळणारं आणि जगभर वापरलं जाणारं. त्यात इन्सर्ट आणि एफ७ या कळा एकत्र दाबल्या की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी समोर येते. बाकीचं पान बाजूला राहतं. आता अशी यादी कानाने ऐकून बघा: ‘इथे. इथे. अधिक वाचा. इथे क्लिक करा. अधिक वाचा.’ यातून कुणी काय निवडावं? आणि आता ही: ‘चंद्रावरच्या विवरांच्या नोंदी. शुक्राच्या कला. दुर्बिणीची निगा.’ पान तेच, पत्ते तेच. फक्त शब्द बदलले आणि बंद दार उघडलं.

कसोटी सोपी आहे. लिंकचे शब्द वाक्यातून उचलून वेगळे ठेवा आणि पाहा, ती कुठे नेईल हे त्यांवरून कळतं का. वाक्य बहुतेक वेळा थोडं फिरवावं लागतं. ‘मी गेल्या वर्षीच्या ग्रहणाबद्दल लिहिलं आहे, ते इथे वाचा’ याऐवजी ‘गेल्या वर्षीच्या ग्रहणाच्या नोंदी मी सविस्तर लिहिल्या आहेत’ असं लिहावं आणि ‘ग्रहणाच्या नोंदी’ या शब्दांना लिंक द्यावी. वाक्य वाचायलाही बरं होतं.

दोन टोकं टाळावीत. एका शब्दाची, त्यातही दोन अक्षरी शब्दाची लिंक बोटाने पकडायला अवघड जाते, विशेषतः फोनवर. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दाबायच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल दिलं आहे. ओळीतल्या लिंकांना त्यातून सूट आहे, पण अनुक्रमणिकेतल्या ओळींमध्ये तरी पुरेशी जागा सोडावी. दुसरं टोक म्हणजे अख्खा परिच्छेद लिंक करणं. मग स्क्रीन रीडर तो सगळा एका दमात वाचतो.

फोटोला लिंक दिली असेल तर फोटोचं ‘ऑल्ट’ वर्णन, म्हणजे फोटो न दिसणाऱ्यासाठी कोडमध्ये लिहिलेलं वर्णन, हेच लिंकचे शब्द होतात. ते रिकामं सोडलं तर ऐकणाऱ्याला फाइलचं नाव किंवा पत्ता ऐकावा लागतो. आणि लिंक मोठ्या पीडीएफची असेल तर तसं शब्दांतच सांगावं. दाबल्यावर कळून उपयोग नसतो.

शब्दांचा फायदा शोधयंत्रांनाही होतो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगलची जी पद्धत मांडली, तिचा पायाच असा होता, की एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांच्या लिंका येतात त्यावरून त्याचं वजन ठरवायचं. लिंकवरचे शब्द हेही त्या पानाचं वर्णन मानलं गेलं. म्हणजे तुम्ही नीट शब्दांत लिंक दिली की ज्याच्याकडे दिली त्यालाही मदत होते. ज्या पानाची तुम्हाला शिफारस करायची नाही, पण उल्लेख करणं भाग आहे, त्याच्या लिंकमध्ये ‘रेल’ या सूचनेत ‘नोफॉलो’ लिहायची सोय २००५ पासून आहे.

दिसावी कशी

निळा रंग आणि अधोरेखन जुनाट वाटतं म्हणून अनेकजण ते काढून टाकतात. रंग बदला, हरकत नाही. रेघ मात्र परिच्छेदातल्या लिंकांखाली राहू द्या. रंग नीट न ओळखता येणारे लोक पुष्कळ आहेत, त्यांना फक्त रंगाने वेगळी केलेली लिंक साध्या मजकुरातून ओळखू येत नाही. त्याच कारणाने, लिंक नसलेल्या शब्दांना कधी अधोरेखित करू नये. भेट दिलेल्या लिंकचा रंग वेगळा ठेवावा. वीस नोंदींपैकी कोणत्या वाचून झाल्या हे त्यामुळे कळतं. काहीजण माउस न वापरता टॅबच्या कळेने एकेका लिंकवर जातात, तेव्हा लिंकभोवती चौकट उमटते. ती सुंदर दिसत नाही म्हणून घालवू नका. ती गेली तर आपण कुठे आहोत हेच त्यांना कळत नाही.

नव्या टॅबमध्ये उघडावी का? ‘टार्गेट’ या सूचनेने ते करता येतं, आणि वाचणारा आपलं पान सोडून जाऊ नये म्हणून लोक सर्रास करतात. माझा कल याच्या विरुद्ध आहे. मागे जायचं बटण सगळ्यांना माहीत असतं, आणि नव्या टॅबमध्ये नेमकं तेच चालत नाही. ज्याला नवा टॅब हवा तो कंट्रोल दाबून क्लिक करतो किंवा फोनवर लिंक दाबून धरतो. निवड त्याच्याकडे राहू द्यावी. वाचणारा अर्ज भरत असेल आणि पान सुटलं की भरलेलं पुसलं जाणार असेल, तर गोष्ट वेगळी. पूर्वी अशा लिंकला ‘नोओपनर’ची सूचना जोडणं गरजेचं होतं, नाहीतर उघडलेलं परकं पान तुमच्या मूळ पानाला भलत्या पत्त्यावर नेऊ शकायचं. आताचे ब्राउझर ही काळजी आपणहून घेतात.

ईमेलसाठी पत्त्याच्या जागी ‘मेलटू’, विसर्गासारखी दोन टिंबं आणि ईमेल. फोनसाठी ‘टेल’, तशीच दोन टिंबं आणि देशाच्या क्रमांकासह नंबर. उघड्या पानावर दिलेला ईमेल जाहिरातींची पत्रं पाठवणारे प्रोग्राम वेचून नेतात, म्हणून नेहमीच्या वापराचा पत्ता तिथे देऊ नये. फोन नंबर तर व्यक्तिगत पानावर देऊच नये असं मी म्हणेन.

लिंक का मोडते?

दोन मजकूर एकमेकांना जोडायची कल्पना वेबच्या खूप आधीची. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये वापरात आणला. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत माउसने शब्दावर क्लिक करून दुसऱ्या मजकुरावर जाऊन दाखवलं. नेल्सन यांना दोन्ही बाजूंनी जोडलेल्या लिंका हव्या होत्या: मी तुमच्याकडे लिंक दिली की तुमच्याकडेही त्याची खूण असेल आणि जोड कधी तुटणार नाही. असं करायचं तर प्रत्येक जोडाची नोंद कुठेतरी ठेवावी लागते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांनी हा भार उचलला नाही. त्यांची लिंक एकेरी. द्यायला कुणाला विचारायचं नाही, कुठे नोंदवायचं नाही, आणि समोरचं पान नाहीसं झालं तर ४०४ सोसायचा. १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर आणि सर्व्हर चालू झाले, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्यांना मोफत खुलं केलं. एकेरी लिंकमुळेच वेब इतकं वेगाने पसरू शकलं. पण मोडक्या लिंकाही त्याच निर्णयासोबत आल्या.

त्या किती मोडतात? प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. व्यक्तिगत पानांवर तर एकगठ्ठा संकट येतं. लाखो लोकांची पानं सांभाळणारी जिओसिटीज ही सेवा जपान वगळता २००९ मध्ये बंद झाली, आणि त्या पानांकडे जाणाऱ्या जगभरच्या लिंका एका फटक्यात मेल्या. वेबची पानं जतन करणारी इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था आणि काही स्वयंसेवक यांनी धावपळ करून जेवढं उतरवून ठेवलं, तेवढंच वाचलं.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. दुसऱ्याकडे लिंक देताना त्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवून ठेवा. ही सोय मोफत आहे, आणि पुढे मूळ पान गेलंच तर लिंक त्या प्रतीकडे वळवता येते. शिवाय नुसती लिंक देऊन सोडू नका. तिथे काय आहे, कुणी लिहिलंय, हे एका वाक्यात सांगा. लिंक मेली तरी त्या वाक्यावरून शोधता येतं.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या पत्त्यांची. तुमच्या पानाकडे कुणी लिंक दिली हे तुम्हाला कळत नाही, म्हणून कुणीतरी दिलेलीच आहे असं धरून चालावं. एकदा चढवलेल्या पानाचं नाव बदलू नये. सुरुवातीलाच असं नाव निवडावं की जे बदलावंसं वाटणार नाही. ‘नवीन’, ‘अंतिम’ असली नावं फार लवकर खोटी पडतात. बदलावंच लागलं तर सर्व्हरवर ३०१ ची व्यवस्था करावी. ती जमत नसेल तर जुन्या नावाची फाइल तशीच ठेवून तिच्यात एकच वाक्य आणि नव्या पानाची लिंक ठेवावी. एवढ्याने वाचणारा नव्या पानावर पोचतो.

पान चढवल्यावर त्यातली प्रत्येक लिंक एकदा दाबून बघा, आणि हे दुसऱ्या यंत्रावर, शक्यतो फोनवर करा, म्हणजे तुमच्या डिस्ककडे बोट दाखवणारी लिंक लगेच उघडी पडेल. संगणकावर माउस लिंकवर नुसता नेला तरी खालच्या कोपऱ्यात पूर्ण पत्ता दिसतो. पानं वाढली की हे हाताने होत नाही, तेव्हा वेबचे मानक नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेचं लिंक तपासणारं मोफत साधन आहे. पानाचा पत्ता दिला की कुठली लिंक कोणता आकडा परत देते याची यादी ते काढून देतं. वर्षातून एक-दोनदा ती यादी काढावी आणि जिथे ४०४ दिसेल तिथली लिंक दुरुस्त करावी.